गाडी कुठे लावू नये: पुण्यात नव्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रिव्हर्स शिकवतात, आठचा आकडा काढायला लावतात, पण गाडी कुठे लावायची नाही हे कोणी बसवून सांगत नाही. ते कळतं मोबाईलवर चलनाचा मेसेज आल्यावर, किंवा परत येऊन पाहावं तर गाडी उचलून नेलेली आणि रस्त्यावर नुसता खडूचा शेरा. आमच्याकडे गावाकडून भाचे, पुतणे, त्यांचे मित्र शिकायला आणि नोकरीला येत असतात. पहिली गाडी घेतली की सगळ्यांचे प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. उदाहरणं पुण्याची जास्त आहेत, कारण हे शहर मला ठाऊक आहे. पण कायदा देशभर एकच आहे, आणि घाट, महामार्ग, किनारा हे तर शनिवार-रविवारी लागतंच.

आधी एक सवय लावून घ्या. संध्याकाळी सातच्या गर्दीत रस्त्याकडेला एक जागा मोकळी दिसली, तर गाडी आत घालण्याआधी विचारा: ही अजून मोकळी का राहिली? वर पाहा, खाली पाहा, समोर पाहा. बहुतेक वेळा कारण दिसतंच. पानांआड पाटी असते, शटर असतं, रुग्णालयाचं फाटक असतं, वाळलेली फांदी असते किंवा तुंबलेला नाला असतो.

१. गाडीत आणि मोबाईलमध्ये काय हवं

कागदपत्रं: लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधली प्रत कायद्याने चालते. व्हॉट्सॲपवर ठेवलेला आरसीचा फोटो चालेलच असं धरून बसू नका.

सेकंड हँड गाडी घेतली असेल तर आधी आरसीवर तुमचं नाव आणि तुमचाच मोबाईल नंबर लागलाय का ते बघा. चुकीच्या पार्किंगचं चलन नोंदणीतल्या नंबरवर जातं. नंबर जुन्या मालकाचा राहिला, तर मेसेज त्याला जात राहतात आणि तुम्हाला वर्षभराने एकदम आकडा दिसतो. हे मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलंय, की गाडी बघायला जातानाच सांगतो: ट्रान्सफर होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका, आणि गाडीवर थकीत चलनं किती आहेत ते व्यवहाराआधी तपासा.

सामान: लाल परावर्तक त्रिकोण, टॉर्च, चाकाला लावायला लाकडाच्या दोन उट्या आणि पे अँड पार्कसाठी थोडे सुटे पैसे. शिवाय काचेमागे ठेवायला जाड पुठ्ठ्यावर मोठ्या आकड्यांत लिहिलेला फोन नंबर. मुलींनी आपला नंबर दाखवणं टाळायचं असेल तर घरातल्या कोणाचा तरी लिहावा, पण नंबर असावा. कोणाची तरी गाडी तुमच्यामुळे अडकली आणि तुम्हाला फोनच करता आला नाही, तर साध्या गोष्टीचं भांडण होतं.

२. पाटी शेवटपर्यंत वाचा

निळं वर्तुळ, लाल कडा आणि एकच तिरकी लाल रेघ असेल तर पार्किंग नाही. माणूस उतरवायला क्षणभर थांबलात तर चालेल. लाल रेघा दोन, एकमेकींना छेदणाऱ्या असतील, तर थांबायचंच नाही. इंजिन चालू ठेवून, पार्किंग लाइट (चारही इंडिकेटर) लावून आत बसलात तरी नाही. नवीन माणूस इथेच फसतो. गाडीत कोणी बसलंय म्हणजे ती पार्क केलेली नाही, असा एक समज आहे. तो सोडून द्या.

मग मुख्य पाटीखालची छोटी पट्टी वाचा. त्यावर बाण, वेळ किंवा वाहनाचा प्रकार असतो. बाण डावीकडे असेल तर मनाई डावीकडे. फक्त दुचाकीसाठी असलेल्या जागेत चारचाकी घातली, की पाच-सहा गाड्यांची जागा जाते आणि तुमच्यावर कारवाई होते.

पुण्यात आणखी एक गोष्ट शिकावी लागते, ती म्हणजे पी-१, पी-२. रस्त्याच्या एका बाजूला पी-१ आणि दुसऱ्या बाजूला पी-२ अशा पाट्या असतात. विषम तारखेला पी-१ च्या बाजूला गाडी लावायची, सम तारखेला पी-२ च्या. यात दोन खाचाखोचा आहेत. रात्री लावलेली गाडी मध्यरात्रीनंतर चुकीच्या बाजूला जाते, म्हणून रात्रभर ठेवायची असेल तर उद्याची तारीख बघून लावा. आणि महिना ३१ दिवसांचा असेल तर ३१ आणि १ या दोन्ही तारखा विषम येतात, म्हणजे सलग दोन दिवस तीच बाजू. सवयीने बाजू बदलणारे १ तारखेला अडकतात.

खासगी पाट्यांचं काय? 'गेटसमोर गाडी लावू नये, हवा सोडली जाईल' ही पाटी पेठांपासून कोथरूडपर्यंत सगळीकडे आहे. सार्वजनिक रस्त्यावर घरमालकाने स्वतः रंगवलेल्या पाटीला वाहतूक पोलिसांच्या पाटीचा दर्जा नसतो आणि हवा सोडायचा अधिकार तर कोणालाच नाही. पण फाटक अडवणं हा मुळातच नियमभंग आहे, पाटी असो वा नसो. तेव्हा पाटीवर वाद घालत बसण्यापेक्षा फाटक कुठवर उघडतं ते बघा आणि तेवढी जागा सोडा. याउलट फाटक नाही, दुकान नाही, नुसत्या कुंड्या आणि दगड मांडून कोणी रस्ता धरून ठेवला असेल, तर तक्रार महापालिकेकडे करा. स्वतः दगड हलवून गाडी लावू नका. रात्री तिच्यावर ओरखडा उठला तर कोणाला विचारणार?

३. पाटी नसली तरी जिथे लावायचीच नाही

'पाटी कुठे होती?' हा प्रश्न पोलीस चौकीत फार ऐकू येतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२२ नुसार इतरांना धोका, अडथळा किंवा विनाकारण त्रास होईल अशी गाडी सार्वजनिक जागी उभी करणं हाच गुन्हा आहे. त्यावर २०१७ ची वाहन चालवण्याची नियमावली आहे आणि तिच्यात पार्किंगला मनाई असलेल्या जागा सांगितल्या आहेत. रोजच्या कामाच्या तेवढ्या इथे देतो.

चौक आणि सिग्नल. चौकाच्या कडेपासून दोन्ही बाजूंना ५० मीटरपर्यंत पार्किंग नाही. ५० मीटर म्हणजे साधारण दहा-बारा मोटारी ओळीने उभ्या राहतील इतकं अंतर, आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त. कोपऱ्यावर उभ्या केलेल्या गाडीमुळे वळणाऱ्या पीएमपी बसला आडवं यावं लागतं आणि आडरस्त्यावरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला काहीच दिसत नाही. चौकातल्या कोपऱ्यावरच्या वडापावसाठी 'दोनच मिनिटं' लावलेली गाडी ही शहरातली सगळ्यात त्रासदायक गाडी आहे असं मला मनापासून वाटतं.

फुटपाथ, सायकल ट्रॅक आणि झेब्रा क्रॉसिंग. अर्धी चाकं फुटपाथवर चढवून रस्ता मोकळा ठेवला, असं समाधान मानू नका. आजीला काठी टेकत त्याच रस्त्यावर उतरावं लागतं.

बसथांबा, शाळा आणि रुग्णालयाचं प्रवेशद्वार. रुग्णालयाच्या बाबतीत तर आपत्कालीन विभागाचा उतार अडवला जातोय का हे उतरून, चालत जाऊन बघा.

पूल, उंचवटा, वळण, बोगदा. इथे कारण दंडाचं कमी आणि जिवाचं जास्त आहे. मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

दुहेरी पार्किंग, म्हणजे लावलेल्या गाडीला खेटून दुसरी. अरुंद रस्त्यावर लावलेल्या गाडीच्या अगदी समोर गाडी लावणं हाही त्याचाच भाऊ. उलट्या दिशेला तोंड करून लावणंही टाळा, कारण निघताना तुम्हाला समोरच्या वाहतुकीत नाक घालावं लागतं.

अपंगांसाठी राखीव जागा, रिक्षा स्टँड, अग्निशमनाचा हायड्रंट आणि वाहतुकीची पाटी झाकली जाईल अशी कोणतीही जागा.

दंड महाराष्ट्रात पहिल्या वेळी ५०० रुपये, पुढच्या वेळी १,५०० रुपये. गाडी उचलली तर तो खर्च वेगळा. रस्ता अडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ लावलं, तर दंड ५,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो. आणि तुमच्या चुकीच्या जागी उभ्या गाडीवर कोणी येऊन आदळलं, तर नुकसानभरपाईच्या दाव्यात दोषाचा वाटा तुमच्याकडेही येऊ शकतो. हे ५०० रुपयांत मिटत नाही.

४. पेठांत जाताना

लक्ष्मी रोड, तुळशीबाग, बोहरी आळी या भागात खरेदीला मोटार नेऊच नये असं मी म्हणेन. मेट्रो मंडईपर्यंत जाते. न्यायचीच असेल तर घरून निघतानाच ठरवा: मंडईजवळ आर्यन किंवा मिनर्व्हा, नारायण पेठेच्या बाजूला हमालवाडा. ही वाहनतळं भरली असली तरी थोडं थांबून जागा मिळते. गल्लीबोळात घिरट्या घालत राहिलात तर शेवटी कंटाळून चुकीच्या जागी लावता, आणि तेव्हाच कारवाई होते.

जुन्या वाड्याच्या भिंतीलगत गाडी लावू नका, पावसाळ्यात तर नाहीच. माती-विटांची भिंत पाणी पिऊन फुगते आणि ढासळते. भिंतीला पोट आलेलं दिसलं, टेकू लावलेला दिसला, किंवा महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस डकवलेली दिसली, तर तिथून हलायचं.

बोळ इतका अरुंद आहे का, की तुमची गाडी लावल्यावर अग्निशमनाचा बंब जाणार नाही? आरसा दुमडला म्हणजे झालं असं नसतं. बंबाला रुंदी लागते आणि वळायलाही जागा लागते. बोळाच्या तोंडाशी लावलेली एक गाडी आतल्या पन्नास घरांची वाट तोडते.

सणांचा हिशेब वेगळाच असतो. आषाढीसाठी निघालेल्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, माउलींची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत. त्या दोन दिवसांत त्या बाजूला गाडी ठेवून गेलात तर ती जागेवर मिळायची खात्री नाही. गणपतीत आणि विसर्जनाच्या दिवशीही तेच. वाहतूक शाखा बंद रस्त्यांची यादी आधी जाहीर करते, ती वाचा. आपल्या भागातला आठवडे बाजार कोणत्या वारी भरतो तेही शेजाऱ्यांना विचारून ठेवा. रात्री मोकळ्या रस्त्यावर लावलेली गाडी सकाळी भाजीच्या पाट्यांमध्ये अडकलेली मिळते, आणि विक्रेत्यांचा त्यात काहीच दोष नसतो.

महावितरणच्या डीपीला खेटूनही नको. ठिणग्या पडतात, आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाला शिडी लावायला जागा उरत नाही. दिवाळीत फटाके वाजवायच्या मैदानाकडेला कापडी कव्हर घालून गाडी ठेवू नका.

५. पावसाळा: पाणी आणि झाड

नदीपात्रातला रस्ता आणि तिथली मोकळी जागा आठ महिने सोयीची असते. पण खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की मुठेचं पाणी काही तासांत शहरात येतं आणि भिडे पूल पाण्याखाली जातो. पाऊस पुण्यात नसला तरी हे होतं. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही चारही धरणं वर आहेत, पाऊस तिथे पडत असतो. डेक्कनला ऊन पडलंय म्हणून नदीपात्रात गाडी ठेवून सिनेमाला जाणं धोक्याचं आहे. जुलै ते सप्टेंबर धरणांच्या विसर्गाची बातमी बघूनच तिथे गाडी लावावी, आणि रात्रभर तर ठेवूच नये.

नाशिकला गेलात तर गोदाघाटाचंही असंच. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंडाकडचा घाट बुडायला लागतो. नाशिककर पूर मोजतात तो दुतोंड्या मारुतीवरून, पाणी मूर्तीच्या कुठवर आलं यावर. बाहेरगावचे भाविक घाटावर गाडी लावून दर्शनाला जातात आणि परत येईपर्यंत ती तरंगायला लागलेली असते. घाटाच्या वरच्या अंगाला लावा आणि चालत उतरा. पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटातही हेच लक्षात ठेवा.

ओढे आणखी फसवे असतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा सोसायट्यांच्या आवारातून मोटारी वाहून गेल्या. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत मुठेचं पाणी घरांत शिरलं. भाड्याने घर घेताना पार्किंग तळघरात असेल, तर वॉचमनला विचारा: पंप आहे का, मागच्या पावसात पाणी कुठवर आलं होतं? भिंतीवरची मातकट रेघ खोटं बोलत नाही. रेघ गुडघ्याच्या वर असेल तर जोराच्या पावसात गाडी वर आणायची.

पाण्यात उभी राहिलेली गाडी कृपा करून चालू करू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं की आतले दांडे वाकतात, आणि भिजलेली गाडी स्टार्ट करून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कवच असतं. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, गाडी ओढून वर्कशॉपला न्या. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुरात किंवा झाड पडून झालेल्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही. पुण्यात रस्त्यावर गाडी ठेवणाऱ्याने सर्वसमावेशक विमा घ्यावा, हे मी आग्रहाने सांगतो.

झाडांचं म्हणाल तर गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षाखाली सावली छान असते. पण वळवाच्या वाऱ्यात याच झाडांच्या फांद्या आधी मोडतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळ काळवंडलं की गाडी बाहेर काढा. बुंध्याभोवती काँक्रीट घट्ट ओतलेलं, मुळाशी केबलसाठी खणलेलं, किंवा खोडावर भूछत्रं आलेली दिसली, तर ते झाड आतून कमकुवत असू शकतं. कोकणात आणि गोव्यात माडाखाली गाडी लावणाऱ्याला स्थानिक माणूस स्वतःहून हटकतो, त्याचं ऐका. सुका नारळ बॉनेटला खोक पाडतो आणि झावळी काच फोडते.

होर्डिंगखाली कधीच नको. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर भलंमोठं होर्डिंग कोसळलं आणि १७ जणांचा जीव गेला. वादळ येतंय असं वाटलं तर होर्डिंगखालून माणूस आणि गाडी दोन्ही हलवा.

६. महामार्ग आणि घाट

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धीवर कडेची पट्टी ही विश्रांतीची जागा नाही. चहा, फोन, फोटो, लघवी, यातल्या कशासाठीही थांबायचं नाही. फूड मॉल आणि पेट्रोल पंप त्यासाठीच आहेत. रात्री डुलकी लागलेल्या ट्रकचालकाला पुढची गाडी उभी आहे की चालतेय हे फार उशिरा कळतं.

गाडी बंदच पडली तर हा क्रम ठेवा. पार्किंग लाइट लावा. गाडी जितकी डावीकडे घेता येईल तितकी घ्या. सगळ्यांना डाव्या बाजूने उतरवा आणि लोखंडी कठड्यापलीकडे उभं करा, गाडीत बसवून ठेवू नका. मग त्रिकोण गाडीच्या मागे लांब नेऊन ठेवा, आणि मागे वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला आधी त्रिकोण दिसेल. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, कुठेही ११२.

ताम्हिणी, वरंधा, माळशेज, आंबोली. पावसाळ्यात धबधबा दिसला की गाड्यांची रांग लागते, नेमकी कड्याच्या पायथ्याशी. वरून पाणी येतंय म्हणजे दगडही येऊ शकतात. रस्त्यावर ताजे मुठीएवढे दगड आणि लाल माती सांडलेली दिसली, तर तिथे क्षणभरही थांबू नका. प्रशासन दर पावसाळ्यात धोक्याच्या ठिकाणांवर बंदीचे आदेश काढतं, ते निघण्यापूर्वी बघा.

उतारावर गाडी लावावी लागली तर हँडब्रेकवर विसंबू नका. तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स, ऑटोमॅटिक असेल तर पी. चाकाला उटी किंवा दगड. आणि निघताना तो दगड उचलून कडेला टाका. घाटात रस्त्याच्या मध्ये राहिलेला असा एक दगड धुक्यात येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव घेऊ शकतो.

दिवाळीनंतर माळावरचं गवत वाळतं. किल्ल्याच्या पायथ्याशी उंच वाळक्या गवतात गाडी घालू नका. तापलेल्या सायलेन्सरमुळे गवत पेटतं, आणि तुम्ही तेव्हा गडावर असता.

७. समुद्रकिनारा

नागाव, काशीद, मुरुड, कर्दे. दर मोसमात कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर मोटार रुतल्याची बातमी येते. ओहोटीला वाळू डांबरी रस्त्यासारखी घट्ट वाटते. भरती सुरू झाली की चाकाखालची वाळू सुटते, आणि जितका ॲक्सिलरेटर द्याल तितकं चाक आत जातं. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, म्हणजे काल याच वेळी कोरडं होतं हा हिशेब आज चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी आणखी वर चढतं. किनाऱ्यावर गाडी नेल्याबद्दल कोकणात आणि गोव्यात गुन्हे दाखल होतात. गाडी वाडीत लावा आणि सुरूच्या बनातून चालत जा.

८. गाडी उचलून नेली तर

घाबरून आधी चोरीची तक्रार करायला धावू नका. रस्त्यावर खडूने लिहिलंय का ते पाहा, आजूबाजूच्या टपरीवाल्याला विचारा. त्याला नक्की माहीत असतं. ११२ वर किंवा त्या भागाच्या वाहतूक विभागाला फोन करून गाडी कुठे ठेवलीय ते विचारा.

कायद्याच्या कलम १२७ नुसार गाडी उचलायला किंवा जॅमर लावायला परवानगी देण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला आहे. क्रेनवर नुसती मुलं असतील आणि पोलीस नसेल, तर शांतपणे 'साहेब कुठे आहेत?' एवढं विचारा आणि मोबाईलवर चित्रण सुरू ठेवा. गाडी उचलायच्या आत पोहोचलात तर दंड भरायची तयारी दाखवा आणि टोइंगचा आकार न लावण्याची विनंती करा. जॅमर लागला असेल तर चाक हलवून बघू नका, वाकलेली रिम महागात पडते.

दंड ऑनलाइन भरा किंवा पावती घेऊनच भरा. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. चलन चुकीचं वाटत असेल तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवता येते, त्यासाठी जागेचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. पाटी झाडाआड होती का, पट्टा पुसला गेला होता का, हे नंतर सिद्ध करता येत नाही. चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर एखादी ॲपची फाइल आली तर ती उघडू नका. तो बँक खातं रिकामं करायचा सापळा असतो. खरं चलन गाडीचा नंबर टाकून सरकारी संकेतस्थळावरच बघा.

गाडी ताब्यात घेताना तिथेच चारही बाजूंनी फिरून बघा: बंपर, आरसे, पुढच्या चाकांजवळची पत्र्याची कड, आणि ऑटोमॅटिक असेल तर गिअर नीट पडतोय का. काही मोडलं असेल तर फोटो काढा आणि फाटकाबाहेर पडण्याआधी तिथल्या अंमलदाराकडे लेखी द्या, पोच घ्या. बाहेर आल्यावर केलेल्या तक्रारीला 'आधीचंच असेल' हे उत्तर ठरलेलं आहे.